पालथं पडून ऐकलेला रेडिओ

डोळ्याच्या ऑपरेशननंतर ज्यांना डॉक्टरांनी 'दहा दिवस मान खाली' असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. खरं तर त्यांना हे वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी, कारण त्यांना स्वतःला सध्या काही वाचता येणार नाही. तर वाचणाऱ्या भल्या माणसा, आधी सतरंजी टाक आणि खाली बस. पालथ्या पडलेल्या माणसाला तुझी फक्त पावलं दिसतात आणि पावलांशी किती वेळ बोलणार?

मी अमरावतीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. वय चौपन्न. खो-खोच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे. त्यानं माणसाचा आकार कळतो, चेहरा नाही. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर, तोही जाड भिंगाच्या चष्म्यातून. पण या एका डोळ्यावर मी तीस वर्षं निर्णय दिले आणि 'मॅडम, तुम्हाला दिसलं नाही' असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती वेळ आली. चांदूर रेल्वेला शाळांचे सामने होते. माझ्या उजव्या हाताला एक पोरगी बाद झाली आणि मला ती दिसलीच नाही. सगळं मैदान ओरडलं, 'मॅडम, आउट!' मी खेळ चालू ठेवला, कारण पंचानं गोंधळलेलं दिसायचं नसतं. मग चष्मा काढून ओढणीनं पुसला. उजव्या कोपऱ्यात काळी झालर लोंबत होती, ती पुसली जाईना.

खोटं कशाला सांगू, त्याआधी आठ दिवस डोळ्यात चमका मारत होत्या, काळे ठिपके तरंगत होते. मी म्हटलं, मैदानावरची धूळ आहे, सामने संपले की पाहू. तुम्ही असं करू नका. हे एवढं एकच वाक्य मी शिक्षिकेच्या आवाजात सांगतेय.

दुसऱ्या दिवशी राजापेठेत चष्म्याच्या दुकानात गेले, नंबर बदलला असेल म्हणून. दुकानदारानं चार प्रश्न विचारले आणि माझा चष्मा परत माझ्या हातात ठेवला. 'मॅडम, आज मी तुम्हाला चष्मा विकणार नाही. पडद्याच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आत्ता.' त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही याची आजही लाज वाटते. बरी झाल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा विचारलं.

डॉक्टरांनी थेंब घालून तासभर बसवलं, मग आत पाहिलं आणि म्हणाले, 'पडदा सुटलाय. ओल आली की भिंतीचा रंग सुटतो ना, तसा. अजून मधला भाग शाबूत आहे, पण थांबायला वेळ नाही.' पडद्याचं ऑपरेशन करणारे अमरावतीचे डॉक्टर चार दिवस बाहेरगावी होते. नागपूरला किंवा अकोल्याला जा म्हणाले. अकोल्याचे डॉक्टर फोनवर बोलले, 'उद्या सकाळी या, करून टाकू.'

दवाखान्याच्या बाहेर आमचं भांडण झालं. आमचे हे म्हणत होते नागपूर, तिथे मोठमोठे दवाखाने आहेत. मी म्हणत होते अकोला, तिथे माझा दादा आहे.

'म्हणजे मी नाही का?' यांनी विचारलं.

मला त्या क्षणी नवरा नको होता, दादा हवा होता. हे सांगणं वाईट दिसतं, पण खरं आहे. एकुलता एक डोळा जायला लागला की माणूस लहान होतो.

*

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला आतून दाबून धरणार, आणि त्यासाठी मी तोंड जमिनीकडे करून राहायचं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, चालताना मान खाली. जेवण आणि संडासपुरती सूट. त्या वॉर्डात आम्ही चौघं होतो, चौघंही टेबलावर कपाळ टेकवून, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. ही शिक्षा मी स्वतः किती पोरींना दिली असेल! दर दोन तासांनी सिस्टर येऊन डोळ्यात थेंब टाकायच्या, आणि मला त्यांच्या पांढऱ्या बुटांवरून कळायचं की ड्युटी बदलली.

मी डॉक्टरांना विचारलं, 'दिसेल ना?'

ते म्हणाले, 'पडदा मी बसवलाय. आता तो चिकटायचं काम तुमच्या मानेचं.'

धीर द्यायचा म्हणून ते बोलले असतील, पण मी त्या दिवसापासून मानेला घाबरले. डोळा गेला तर तो माझ्या चुकीनं जाणार, हे आता पक्कं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दादा मला घरी घेऊन गेला. दादाची तीन एकर बाग पातूरच्या रस्त्याला आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आम्ही माळ्यांची पोरं, फुलांतच वाढलो. मार्गशीर्ष लागला होता. गुरुवारच्या लक्ष्मीपूजेसाठी सगळ्या अकोल्याला हार हवे असतात, त्यामुळे बागेत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अशा दिवसांत दादानं आणि शोभावहिनीनं मला घरात घेतलं. आता विचार केला की कळतं, तेव्हा मी फक्त आपल्या डोळ्याचा विचार करत होते.

दादाच्या घरात घड्याळ आहे, पण ते पाहतं कोण? त्यांचं सगळं काम रेडिओवर चालतं. खांबाच्या खिळ्याला तो टांगलेला असतो, वहिनीनं शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळीत. पहाटे केंद्र सुरू झाल्याची धून वाजते तोवर फुलं तोडून झालेली पाहिजेत. भजनं लागली की निवडायची. शास्त्रीय गाणं लागलं की ओवायला बसायचं. बातम्या लागल्या की दादा हारांची पाटी घेऊन मोटरसायकलला किक मारतो. दुपारची भाषणं वहिनीची. मॅच असली तर त्या दिवशी दुपारी सुई हातात घ्यायची नाही, कारण चौकार लागला की दादा बोटात टोचून घेतो. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम झाला की पाणी बंद.

माझी खाट त्यांनी ओसरीवर आणली, रेडिओच्या खांबापाशी. खाटेच्या काठाबाहेर डोकं, कपाळाला दोन उशांच्या मध्ये आधार, हात खाली लोंबते. पहिल्या दिवशी मी असे हात लोंबवून जमीन पाहत राहिले. म्हणजे काय पाहणार? उजव्या डोळ्यापुढे नुसतं गढूळ पाणी हलत होतं. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात सगळं होऊन गेलं. नोकरी गेली, शिट्टी गेली, ह्यांचा हात धरून मी रस्ता ओलांडतेय, शाळेतल्या पोरी बाजूला सरकून वाट देताहेत.

संध्याकाळी दादा समोर जमिनीवर येऊन बसला. दगडावर काहीतरी घासण्याचा आवाज येत होता.

'काय करून राहिला रे?'

'सुई बोथट करून राहिलो. तुह्यासाठी.' मग त्यानं माझ्या लोंबत्या हातांखाली दोन सुपं सरकवली. 'डाव्या सुपात पिवळा झेंडू, उजव्यात केशरी. दोन पिवळे, दोन केशरी, ओवत जाय.'

'मले दिसून नाही राहिलं, दादा.'

'हाताले काय दिसा लागते? रिकामे हात असले का डोकसं भलतंच चालते. घे.'

तीस वर्षांत मी हार ओवला नव्हता. लग्नानंतर झेंडूचा वास अंगाला लागू नये म्हणून मी माहेरहून निघताना आंघोळ करून निघायची. पण बोटं विसरली नव्हती. देठ चाचपायचा, सुई घालायची, फूल मागे सारायचं.

*

शास्त्रीय गाणं मला कळत नाही. माझा कान शिट्टीचा. आधी कधी लागलं तर मी 'आता हा किती वेळ आ करणार' म्हणून रेडिओ बंद करायची. इथे बंद करायला उठता येत नव्हतं. त्यामुळे ऐकलं.

'हा तोडी,' दादा सांगायचा. निवेदिकेनं सांगितलेलंच तो पुन्हा सांगायचा, पण स्वतः शोधल्यासारखं. 'आता सावकाश गाईन, तवा मोठे हार ओवायचे. लय वाढली का लहान घ्यायचे. घाई नाही करायची, थो गाणारा घाई करून राहिला का?'

चौथ्या सकाळी एका बाईंचा आवाज लागला. शब्द एखाददुसरा, बाकी नुसता सूर. तो इतका संथ होता की मला वाटलं, हिलाही कोणीतरी मान खाली करून बसायला सांगितलंय आणि हिनं ते मनापासून मान्य केलंय. मी रडायला लागले. रडता रडता घाबरले, की रडल्यानं पडदा निघाला तर? वहिनीनं डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. 'रडू द्या, पण मान खालीच ठेवून.' मग मी निवांत रडले. अश्रू सरळ सुपात पडत होते. तो हार कोणत्या देवीला गेला असेल, तिनं माफ करावं.

दुपारी वहिनीचं राज्य. रेडिओवर कोणी बाई तूर साठवण्याबद्दल बोलत होत्या, आणि वहिनी त्यांच्याशी तोंडावर भांडत होती. 'काही नाही होत वं बाई कडुनिंबाच्या पाल्यानं! मी तीन वर्षं टाकून पाह्यला.' बाईंचं पुढचं वाक्य वेगळ्याच विषयावर गेलं की वहिनी म्हणायची, 'पाहा, गप्प बसली.' डोळ्यांच्या काळजीवरही एक भाषण झालं. त्यात डॉक्टर म्हणाले, चमका दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा. वहिनी उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा करून आणला.

बाकी वेळ ती दादाची चेष्टा करायची. 'मंगलताई, तुमच्या दादाची येवढी मोठी विहीर, पन गड्याले पोहता येत नाही! बकेट पडली का शेजारच्याले बोलवा लागते.'

'शिकलाच नाही का रे तू?' मी एकदा विचारलं.

'ऱ्हायलं,' दादा म्हणाला, आणि रेडिओचा आवाज वाढवला.

रविवारी आमचे हे आले. कडक इस्त्रीची पँट मला डाव्या डोळ्यानं अंधूक दिसली. खाटेशी उभे राहून दोन मिनिटं त्यांनी तब्येत विचारली. मी त्यांच्या चपलांना उत्तरं दिली. आणि एकदम ते माझ्या खाटेखाली उताणे झोपले, त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर, झेंडूच्या पाकळ्यांत. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याखाली हातभर अंतरावर आला.

'आता दिसतो का?' त्यांनी विचारलं.

'आकार दिसतो.'

'आकार माझाच आहे ना?'

किती दिवसांनी हसले मी! 'अकोलं बरं केलं तू,' ते म्हणाले. 'माझ्यानं हे सगळं झालं नसतं.' मीही त्या दिवशीच्या भांडणाची माफी मागितली. पाठीला माती लागलेला शर्ट तसाच घालून ते अमरावतीला परत गेले.

*

सहाव्या दिवशी मॅच होती. क्रिकेटला मी जरा नाकच मुरडते, पण रेडिओवर मॅच ऐकणं वेगळं असतं. तो मैदानावरचा माणूस पाहतो आणि आपण त्याच्या तोंडून पाहतो. मला तर तेव्हा सगळंच दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यानं खेळाडूंच्या जागा सांगितल्या की मैदान माझ्यापुढे आखलं जायचं.

शेवटच्या षटकात फलंदाज दुसऱ्या धावेला पळाला. फेक आली, यष्ट्या उडाल्या, निवेदकाचा आवाज चिरकला, निर्णय काय, निर्णय काय... आणि मी ताडकन उठून उभी राहिले. मान ताठ, हात वर. मैदानावर उभी राहते तशी. 'आउट!' मी ओरडले.

'डोकसं खाली!' वहिनी किंचाळली.

मी खाली बसले, पण किती वेळानं? दोन सेकंद? दहा? पाण्यासारखं काहीतरी डोळ्यात हिंदकळत होतं. मी पुन्हा पालथी पडले. दादानं रेडिओ बंद केला. मॅच कोणी जिंकली ते मला आजही माहीत नाही.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, उद्या सकाळी घेऊन या असं सिस्टर म्हणाल्या. मी माझ्या मानेला शिव्या घालत राहिले. तीस वर्षांची सवय, आणि ती नेमकी त्या दिवशी कामाला आली.

दुसऱ्या सकाळी धून वाजली नाही. भजनं नाहीत, गाणं नाही. नुसता सुपात फुलं पडल्याचा आवाज. फुलं तोडायला उशीर झाला, हार मागे पडले, वहिनी दोनदा विचारून गेली की वाजले किती.

'दादा, रेडिओ लाव ना.'

'नाही लागत आता थो. मीच लावला म्हनून झालं ना.' तो माझ्यापुढे जमिनीवर बसला. 'तुहा डोळा गेला तर मी काय करू, मंगे?'

मला इतके दिवस वाटत होतं, भीती माझ्या एकटीला आहे.

रिक्षात मान गुडघ्यात घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. मी श्वास रोखून होते, बाजूला दादाही रोखून होता. 'जागेवर आहे,' डॉक्टर म्हणाले. 'छान चिकटतोय. पण बाई, आता कोणालाही आउट देऊ नका.'

घरी येताच दादानं चपला काढायच्या आत रेडिओ लावला. एक कोणी गृहस्थ जमिनीच्या पोताबद्दल बोलत होते. त्यांचं भाषण मी त्या दिवशी ओळ न ओळ ऐकलं. इतकं गोड भाषण मी जन्मात ऐकलेलं नाही.

त्या दुपारी दादा पाणी द्यायला गेला तेव्हा वहिनी माझ्याजवळ बसली. 'एक सांगू का, मंगलताई? पोहायचं कसं ऱ्हायलं ते. संध्याकाळी पोट्टे विहिरीवर जायचे तवा तुमी ग्राउंडवर पळायच्या. तुमच्या वाटचे हार ते ओवत. मंग केव्हा जातीन विहिरीवर?'

मला ते हार माहीत होते. बाबा सगळ्यांना वाटून द्यायचे, अंधार पडायच्या आत वीस हार प्रत्येकी. मी तासाभरानं पसार व्हायची. बाबांना माझी चाहूल लागू नये म्हणून दादा रेडिओ मोठा करायचा. तो आवाज वाढला की निघायचं, हे आमचं ठरलेलं होतं. मला वाटायचं, दादाला ओवायला आवडतं. चौपन्नाव्या वर्षी पालथी पडल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की माझी शिट्टी कोणाच्या बोटांवर उभी आहे.

*

दहा दिवस झाले, मान सुटली. बुडबुडा मात्र रोज थोडा थोडा खाली उतरत होता, अर्ध्या ग्लासातल्या पाण्याची रेघ हलते तशी एक रेघ दिसायची. तिच्या वर स्वच्छ, खाली अंधूक. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला रेडिओच्या खोळीवरची फुलं दिसली. निळी होती. मी इतके दिवस त्यांना लाल समजत होते.

मी दादाला सांगायला धावले. नाही, चालत गेले, सावकाश. तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी होता. दार उघडं होतं. आत तारेवर ओळीनं हार टांगलेले होते, सुकलेले, अठरा. मी मोजले. एकात सात केशरी सलग, मग एकच पिवळा. दुसऱ्यात सगळे पिवळे. तिसऱ्यात मध्येच पानाचा देठ ओवलेला.

रोज मी विचारायची, 'माझे हार गेले का रे?' आणि रोज तो म्हणायचा, 'पहिले तुहेच गेले.'

मार्गशीर्षाच्या त्या गर्दीत तेवढे हार त्यानं पुन्हा ओवले होते. पुन्हा माझ्या वाटचे.

'आता पंचबाईनं निकाल द्यावा,' दादा मागून म्हणाला.

'सगळे बाद,' मी म्हटलं. मग मी नीट सांगितलं, जे लहानपणीच सांगायला हवं होतं. की मला माहीत आहे, तू काय केलंस. की माझा प्रत्येक सामना तुझ्या वीस हारांवर झाला. की मी कधी बोलले नाही. तो मोटारीच्या पट्ट्याकडे पाहत राहिला. 'लागली का बोलायले,' एवढंच म्हणाला, आणि नाक पुसलं.

जायचा दिवस आला. हे रिक्षा घेऊन फाटकाशी उभे होते. डोळा आता चेहरे ओळखत होता. पूर्वीइतका नाही, पण खो-खोच्या मैदानापुरता पुरेल असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनीनं ओटी भरली. दादा कुठे दिसेना. मी ओसरीवर जाऊन हाक मारली. खांबाचा खिळा रिकामा होता, रेडिओ आत नेला होता. आत सूप सरकल्याचा आवाज आला. सकाळचं गाणं लागलं होतं, अजून संथ चाललं होतं.

मी 'दादा, निघते' म्हटलं. तो बाहेर आला नाही. आतून रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला.

मी चपला घातल्या आणि पळाले.